सवडकाकांचा अथांग

रविवारची दुपार कलली, सकाळपासून तापलेली भट्टी निवू लागली, की बेकरीच्या मागच्या खोलीत भाविक जमू लागत. भाविकच म्हणायचे त्यांना. ज्या डोळ्यांनी ते एकमेकांच्या हातातल्या नव्या डबीकडे पाहत, त्या डोळ्यांना दुसरा शब्द शोभत नाही. खोलीत मैद्याचा वास, एका अंगाला भट्टी, दुसऱ्या अंगाला पोत्यांची थप्पी, समोरच्या भिंतीवर मोठा टीव्ही, त्याखाली व्हिडिओ गेमची यंत्रे. आणि मधोमध ते लांबरुंद लाकडी टेबल, ज्यावर पहाटे पावाचे पीठ तिंबले जाई आणि रविवारी दुपारी नव्या खेळांची मांडणी होई.

तिथली रीत ठरलेली होती. ज्याने नवा खेळ घेतला असेल त्याने तो स्वच्छ पंच्याखाली झाकून टेबलावर ठेवायचा. बाकीच्यांनी एका सुरात विचारायचे, "नवं काय?" मग त्याने पंचा उचलायचा. दर्शन झाले, डबी हातोहात फिरली, मागचा बारीक मजकूर मोठ्याने वाचून झाला, की दुसरा प्रश्न यायचा: "आणि जुन्याचं काय?" या दुसऱ्या प्रश्नापाशी भल्याभल्यांची मान खाली जाई. कारण जुना खेळ, मागे याच टेबलावर याच कौतुकाने उघडा केलेला, घरी कपाटात तसाच निपचित पडलेला असे. अशा न खेळता साचलेल्या खेळांना त्या खोलीत थकबाकी म्हणत. आणि जिच्यावर थकबाकी नाही अशी एकही मान त्या खोलीत नव्हती.

"जुन्याचं काय रे?" ग्रंथपालबाई बेकरीवाल्याला विचारत. बाई वाचनालयात नोकरीला होत्या, आणि खेळही त्यांना लांबलचक, कथेचे, चवीचवीने पुरवायचे असेच आवडत.

"चालू आहे की," बेकरीवाला म्हणे.

"कुठवर आलास?"

"डबी उघडलीय."

"आणि तरी आज आणखी तीन?"

"सेल लागला होता हो बाई. दुकानात असे बेवारशासारखे पडलेले बघवेनात मला."

"म्हणून घरी आणून पाडून ठेवलेस. फार पुण्य लागेल तुला."

"तुमच्या वाचनालयातली पुस्तकं तरी सगळी वाचली जातात का? तुम्हाला कोणी विचारतं का?"

"रोज विचारतात. मी त्यांना गप्प बसवते. तिथे गप्प बसवण्याचाच पगार आहे मला."

हशा उसळे. त्या हशात सगळ्यात मोकळे, सगळ्यात गडगडाटी हसणे असे ते सवडकाकांचे.

सवडकाका हे त्यांना या खोलीने दिलेले नाव. गोदीत ते क्रेन चालवीत. थकबाकीचा डोंगर सगळ्यांत उंच कोणाचा, तर त्यांचा. घरातली एक अख्खी भिंत खेळांनी भरलेली. त्यातल्या कित्येक डब्यांचा पारदर्शक कागददेखील निघालेला नव्हता. कोणी विचारले, की काका म्हणत, "खेळू की. सवडीनं खेळू." हे ते इतक्या शांतपणे, इतक्या खात्रीने म्हणत, की ऐकणाऱ्याला वाटावे, सवड नावाची कोणी पाहुणी ठरल्या गाडीने यांच्या घरी उतरणारच आहे.

आणि त्यांची बायको, काकू! तिच्यावाचून काकांचे चरित्र पुरे होत नाही, कारण काकांच्या हातांनी आयुष्यभर जे केले त्यात अर्धा वाटा तिच्या हातांचा होता. काका उंच केबिनमध्ये बसत. त्यांच्या समोर दोन दांडे, खाली धक्का, धक्क्याला लागलेले जहाज. पण जहाजाच्या पोटात, अंधाऱ्या तळाशी काय आहे, हे वरच्या माणसाला दिसत नसते. क्रेनचा गळ खाली जातो, कठड्याआड नाहीसा होतो, आणि त्यानंतर क्रेनवाला आंधळा होतो. तेव्हा त्याचे डोळे म्हणजे कठड्यापाशी उभे असलेले एक माणूस. ते माणूस म्हणजे काकू. पिवळे हेल्मेट, कमरेला पट्टा, आणि हवेत उचललेला हात. तर्जनी वर करून गोल फिरवली, की उचला. तळवा उपडा करून फिरवला, की सोडा. हात लांबवला, की तिकडे वळा. मूठ आवळली, की थांबा. आभाळ कोसळले तरी थांबा. गोदीचा कायदा असा की गळ हलायचा तो एकाच माणसाच्या खुणेने, आणि दांडे धरणाऱ्याने ओझ्याकडे पाहायचेच नाही, पाहायचे ते फक्त त्या हाताकडे. अशी वर्षे गेली. संध्याकाळी घरी परतताना काका विचारीत, "काय होतं गं आज आत?" आणि काकू सांगे, आज आत यंत्रांची चाके होती, आज घोडे होते, आज संत्र्यांच्या वासाने तळ घमघमत होता. आपण उचललेले जग काकांनी असे बायकोच्या तोंडून पाहिले.

काकूला खेळांचे मात्र सोयरसुतक नव्हते. भिंतीवरून फडके फिरवताना ती म्हणे, "भिंत तुमची, धूळ माझी. बरी वाटणी आहे."

"एक दिवस सगळे खेळणार आहे अगं."

"तो दिवस यायचा असेल तेव्हा मला आधी सांगा. मी माहेरी जाईन."

आता ज्यासाठी ही सगळी कथा, त्या खेळाकडे वळू. त्याचे नाव अथांग. एक एकटी लहानशी नाव आणि अमर्याद समुद्र, एवढेच त्यात. ना बंदूक, ना शत्रू. तो आला त्याच आठवड्यात बेकरीवाल्याने घेतला, बाईंनी घेतला, काकांनी घेतला. टेबलावर तीन पंचे, तीन डब्या. तिन्हींवर तोच निळा रंग, ज्याकडे पाहताना डोळे आत आत जात राहावेत. बाईंनी आणि बेकरीवाल्याने तो आपापल्या घरी तडीस नेला. पुढे एका रविवारी काका खोलीत शिरले तर दोघेही गप्प बसलेले. बाईंचे डोळे ओले. बेकरीवाल्याच्या भट्टीत पावांचा एक घाणा करपून कोळसा झालेला आणि त्याला त्याचे भानही नव्हते.

"काय झालं रे?" काकांनी घाबरून विचारले. "कोणी गेलं की काय?"

"काका, अथांग संपला," बेकरीवाला म्हणाला. एवढेच म्हणाला.

शेवट सांगायचा नाही, हा त्या खोलीचा सगळ्यात कडक नेम. ज्याने पाहिले नाही त्याच्यापुढे ओठ शिवायचे. पण काकांनी त्या दोघांच्या मुद्रा पाहिल्या आणि त्यांच्या मनाने तिथल्या तिथे हात जोडले. ज्या गोष्टीने या वाचाळ बेकरीवाल्याला मुके केले, ती गोष्ट दोन पाळ्यांच्या मध्ये, जांभया देत, घड्याळाकडे पाहत भोगायची? नाही. हे दर्शन सोवळ्या मनाने घ्यायचे. नोकरी संपेल, सकाळी उठायची घाई उरणार नाही, तेव्हा अथांग उघडायचा. आणि ती निळी डबी त्यांनी भिंतीच्या मधल्या फळीवर, एकटी, दोन बाजूंना जागा सोडून ठेवली.

ही चूक होती का? असेल. पण अशी चूक करायलाही अंतःकरण लागते. जे सगळ्यांत आवडते ते सगळ्यांत शेवटी, ही या भाविकांची जातकुळीच. थकबाकीत जे सर्वांत खोल गाडलेले असते, ते बहुधा सर्वांत लाडके असते.

मग काकांच्या उजव्या अंगठ्याला कंप सुटला. आधी चहाच्या कपाची किणकिण झाली. मग सदऱ्याचे बटण लागेना. डॉक्टरांनी त्या आजाराला नाव दिले, गोळ्या दिल्या, आणि स्पष्ट सांगितले की हात उचलून मोठे काम करताना थरथर जरा ओसरेल, पण बोटांची बारीक कामे हळूहळू सुटतील. क्रेनचे दांडे गेले. गोदीने हार घातला, फोटो काढला, घरी पाठवले. ज्या सवडीची वाट पाहिली ती सवड दारात येऊन उभी राहिली.

काकू दळणाला बाहेर गेली असता काकांनी डबी फोडली. अथांग सुरू झाला. किनाऱ्याला दोराने बांधलेली नाव, तिच्यापलीकडे पहाटेचे पाणी. खेळ पहिली गोष्ट मागत होता ती अगदी साधी: अंगठ्याखालची दांडी हळूहळू गोल फिरवायची, आणि दोराची गाठ सैल झालेली दिसली की तिथेच थांबायचे. काकांनी फिरवली. अंगठा उडाला. गाठ पुन्हा आवळली. पुन्हा फिरवली, पुन्हा उडाला. नाव लाटांवर डुलत राहिली, जणू म्हणत राहिली की चला, चला ना. आणि ज्या माणसाने पर्वताएवढी ओझी अलगद, अंड्यासारखी धक्क्यावर ठेवली होती, त्याला एक नाव किनाऱ्यापासून सोडवता येईना. काकूची चाहूल लागताच त्यांनी टीव्ही बंद केला. तिला काही सांगितले नाही.

असे कितीतरी दिवस त्यांनी चोरून प्रयत्न केले. आणि मग एका रविवारी सवडकाका बेकरीत आले ते दोन मोठ्या पिशव्या घेऊन. एक त्यांच्या खांद्यावर, दुसरी काकूच्या. काकू त्या खोलीत पहिल्यांदाच येत होती, आणि नवरा हा बोजा कशासाठी वाहतो आहे हे तिलाही त्याने सांगितले नव्हते.

काकांनी पिशव्या टेबलावर उपड्या केल्या. डब्यांचा ढीग झाला.

"हे काय काका? भिंत रंगवताय का?" बेकरीवाल्याने विचारले.

"वाटून घ्या," काका म्हणाले. "ज्याला जे हवं ते न्या. माझी थकबाकी फिटली."

कोणी हात पुढे केला नाही. ढिगाच्या टोकाला ती निळी डबी होती, कागद निघालेली. बाईंनी ती पाहिली आणि त्यांना सगळे उमगले.

"उघडलात," त्या हळूच म्हणाल्या.

"उघडला. नाव सुटत नाही बाई. गाठच सुटत नाही." काकांनी हसण्याचा प्रयत्न केला. "तुम्ही दोघांनी इतकी वर्षं तोंडाला कुलूप लावलंत ना? आता उघडा. सांगून टाका शेवटी काय आहे. तेवढंच कानांनी तरी बघतो."

बेकरीवाला पुढे सरसावला. "काका, इंटरनेटवर लोक पूर्ण खेळून टाकतात हो. घरबसल्या सगळं बघता येतं. लावू का?"

"दुसऱ्यानं जेवलेलं बघून माझं पोट भरेल का रे?"

बाई म्हणाल्या, "मी सांगणार नाही."

"बाई, मी विनवतोय."

"तरी नाही."

आणि काकू कडाडली. "म्हणजे मी बाजारात गेले की तुम्ही दार लावून हे करत होतात? आणि मी समजत होते, माणूस झोपतोय! बोलायला काय जीभ पण थरथरते तुमची?"

"अगं, तुला काय सांगायचं? तुला यातलं काय कळतं?"

"मला जहाजातलं तरी काय कळत होतं? तरी उतरलाच ना माल?" तिने टीव्हीखालचा कंट्रोलर उचलला, उलटासुलटा करून पाहिला, आणि म्हणाली, "लावा ते. सांगा कुठलं बटण. हात नाहीत म्हणून रडू नका. हात मी आणलेत."

बेकरीवाल्याने अथांग लावला. काकू टीव्हीसमोर बसली, काका शेजारी. "फिरव. हळू. हळू गं! थांब, थांब!" गाठ आवळली. काकू पाण्याकडे पाही तर नवऱ्याचा आवाज उशिरा पोचे. नवऱ्याकडे पाही तर गाठीचा क्षण निसटे. डुलणाऱ्या पाण्याने तिला गरगरू लागले.

"एक काहीतरी बघायला सांगा मला," ती वैतागून म्हणाली. "तुमचा हात बघू की ते पाणी बघू?"

हे तिने म्हटले आणि नवराबायको एकमेकांकडे पाहत राहिले. मग काकू उठली. तिने खुर्ची उचलली आणि फिरवून ठेवली: पाठ टीव्हीकडे, तोंड काकांकडे. काका तिच्यासमोर पोत्यावर बसले. त्यांच्या डोळ्यांपुढे पडदा आणि पडद्याच्या आड येऊ नये अशी किंचित बाजूला काकू.

"करा खूण," ती म्हणाली.

काकांनी हात उचलला. तर्जनी वर केली. उचललेला तो हात जरासा स्थिरावला आणि हवेत सावकाश गोल फिरू लागला. काकूचा अंगठा त्या बोटाच्या चालीने चालला, तितकाच सावकाश, तितकाच गोल. काकांची मूठ वळली. अंगठा थांबला.

गाठ सुटली.

दोर पाण्यात पडल्याचा आवाज झाला आणि नाव किनाऱ्यावेगळी झाली. बाईंनी पदर तोंडाला लावला. देवाने माणसाला दोन हात दिले असे आपण म्हणतो. त्या दुपारी त्या खोलीत बसलेल्यांना दिसले की कधी कधी तो चार हात मिळून एकच जोडी देतो.

प्रवास सोपा नव्हता. पहिल्याच दिवशी नाव खडकावर आपटली, कारण काकांनी उजवा हात लांबवला आणि समोर तोंड करून बसलेल्या काकूला तो आपल्या डाव्या अंगाला दिसला.

"उजवीकडे म्हणजे कोणाच्या उजवीकडे?" काकू करवादली.

"नावेच्या!"

"नाव काय माझ्या मांडीवर बसलीय?"

"गोदीत कधी चुकली नाहीस ती."

"गोदीत मी उभी होते आणि तुम्ही चुकत नव्हतात!"

शेवटी ग्रंथपालबाईंनी खेळाच्या सेटिंगमध्ये शिरून डावेउजवे उलटे करून टाकले, आणि डावे-उजवे हे शब्दच त्या खोलीतून हद्दपार झाले. राहिल्या दोनच दिशा: भट्टीकडे आणि पोत्यांकडे. काकांचा हात भट्टीकडे गेला, की काकूचा अंगठा भट्टीकडे. तर्जनी फिरली, की शीड वर. तळवा फिरला, की शीड खाली. मूठ वळली, की नांगर. आणि समुद्र त्या दोघांना वाट देऊ लागला.

पुढचे कित्येक रविवार नवी खरेदी पंच्याखालीच राहू लागली. कोणाला "नवं काय" विचारायची शुद्ध राहिली नव्हती. बाई आणि बेकरीवाला मैद्याच्या पोत्यांना टेकून बसत, आणि टीव्हीकडे पाहावे की काकूकडे, हे त्यांना कळत नसे. कारण पडद्यावर पाण्याखाली बुडालेले नगर येत होते, ज्याच्या मनोऱ्यांतल्या घंटा भरतीच्या ओढीने आपोआप वाजत. आणि त्या नगरावरून नाव नेणारी काकू त्याच्याकडे पाठ करून बसली होती. तिचे डोळे काकांच्या हातावर खिळलेले. घंटा वाजत, काकांचा चेहरा उजळे, आणि काकू फक्त विचारी, "काय वाजतंय? वळू का?" हात लांबवलेला नसे, म्हणून ती वळत नसे.

"काकू, एकदा तरी मागे बघा हो," बेकरीवाला कळवळून म्हणे. "काय चाललंय मागे, तुम्हाला कल्पना नाही."

"आणि तेवढ्यात ह्यांनी मूठ वळली तर? बुडवू का नाव?"

"बुडली तर पुन्हा सुरू होते काकू. खेळ आहे तो."

"तुझा पाव खाली पडला तर पुन्हा भट्टीत घालतोस का? नाही ना? मग गप्प बस."

घरी जाताना आता ती विचारी, "काय होतं आज?" आणि काका सांगत. पाण्यावर झोपलेल्या पांढऱ्या पक्ष्यांचे बेट होते, बेटच समजून नाव लावायला गेलो तर सगळे बेट उडाले आणि आभाळ झाकून गेले. आज पाणी इतके स्वच्छ होते, की नाव हवेत तरंगते आहे असे वाटले आणि मलाच भोवळ आली. काकू चालता चालता ऐके. मध्येच थांबे. "मग? मी तेव्हा काय करत होते?" "तू पोत्यांकडे वळत होतीस," काका म्हणत, आणि दोघे पुढे चालू लागत.

सांगता सांगता काकांना एक गोष्ट उमजली आणि त्यांचे पाय जागच्या जागी थबकले. आपण गोदीत इतकी वर्षे जे पाहिले नाही ते हिने पाहिले, आणि कधी कंटाळली नाही सांगायला. न पाहता विश्वासाने हात चालवणे किती मोठे आहे, हे त्यांना आपण ते करीत होतो तेव्हा कळले नव्हते. ती करू लागली, आणि ते समोर बसले, तेव्हा कळले.

आणि मग तो रविवार आला. नाव समुद्राच्या मध्यात, सर्वांत खोल पाण्यावर पोचली. वारा पडला. शीड लोंबले. पाण्यावर एक रेघ हलेना. काकांनी हात उचलला होता तो हळूहळू खाली आला आणि गुडघ्यावर विसावला, आणि विसावताच थरथरू लागला.

"खूण करा ना," काकू म्हणाली. "अहो? हात का थांबला? बरं नाही का वाटत?" तिने बटणे दाबून पाहिली. काही झाले नाही. "बंद पडलं का हे? माझं काही चुकलं का? बाई, बोला ना कोणीतरी!"

ग्रंथपालबाई उठल्या. जे त्यांनी वर्षानुवर्षे पोटात ठेवले होते त्यातले पहिले वाक्य त्या बोलल्या. "काहीच चुकलं नाही काकू. आता दाबायचं काही नाही. तो कंट्रोलर त्यांच्या हातात द्या."

काकूने तो काकांच्या ओंजळीत ठेवला. बेकरीवाल्याने जाऊन पंखा बंद केला. खोली इतकी शांत झाली, की निवणाऱ्या भट्टीच्या विटांची टिकटिक ऐकू यावी.

काकांच्या ओंजळीत कंट्रोलर धडधडला. एकदा. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा. काकांनी आधी आपल्या हातांकडे पाहिले. त्यांना वाटले, हा आपलाच आजार. पण हा ठोका निराळा होता: सावकाश, जड, खोलवरून येणारा. पाणी उजळू लागले. तळातून काहीतरी वर येत होते, आणि ते येतच राहिले, येतच राहिले, इतके की त्याला कड नाही, कोपरा नाही, पडदा पुरेना. ते काहीतरी जिवंत होते. तोच सगळा समुद्र होता की समुद्र त्याच्या अंगावर होता, कोण सांगणार! त्याने नावेला काही केले नाही. ते नुसते नावेखाली येऊन थांबले आणि त्याच्या हृदयाचा ठोका त्या यंत्रातून काकांच्या हातांत उतरू लागला. त्या ठोक्यात काकांचा कंप मिसळला. आपले कुठले आणि त्याचे कुठले हे त्यांना निवडता येईना, आणि निवडावेसेही वाटेना. इतके दिवस ज्या थरथरीला ते लपवीत होते, तिच्यावर जणू कोणा फार मोठ्या जिवाने आपला हात ठेवला होता. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होते आणि ते त्यांनी पुसले नाही.

"काकू," बेकरीवाला कुजबुजला, "आता वळा."

काकूने काकांच्या हातांकडे पाहिले. काकांनी मान डोलावली. तेव्हा ती खुर्चीवरून उठली, आणि इतक्या रविवारांनंतर पहिल्यांदा मागे वळली.

पडदाभर एक डोळा उघडत होता. त्याच्या काळ्याभोर आरशात तिळाएवढी नाव दिसत होती, आणि तिच्यामागे पसरलेला, क्षितिजापर्यंत, क्षितिजाच्याही पलीकडे, तो सगळा समुद्र.

काकू कितीतरी वेळ उभीच होती. मग तिने मागे न पाहता चाचपून काकांचा खांदा शोधला आणि त्यांच्या शेजारी पोत्यावर बसली. पिठाचा फुफाटा उडाला. तिने आपले दोन्ही तळवे त्यांच्या ओंजळीवर ठेवले, तो ठोका तिच्याही हातांत आला, आणि ती दचकून, लहान मुलीसारखी, अगदी बारीक आवाजात म्हणाली,

"अहो, आपण यातून आलो?"